आयसीयूतून घरी आलेल्या माणसाला पुन्हा पायांवर उभे करताना



या पानावर आजवर आम्ही भाताच्या करप्याविषयी, गुरांच्या लाळखुरकुताविषयी आणि विहिरीच्या पाण्याविषयी लिहीत आलो. आजचा विषय पुष्कळ दिवस मनात होता, पण हातून लिहिणे होत नव्हते. कारण असे की, त्यात आमची स्वतःची एक चूक आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. आपल्या धर्मग्रामातील एक शेतकरी, त्यांना इथे आपण नुसते अण्णा म्हणू, दिवसभर मिरचीवर औषध मारीत होते. पाठीवरचा पंप गळत होता, सदरा भिजून अंगाला चिकटला होता आणि वारा समोरून होता. रात्री उलट्या, घाम, तोंडाला लाळ. घरच्यांनी वेळेवर शहरातल्या रुग्णालयात नेले. दोन दिवसांत अण्णा बोलू लागले, चहा मागू लागले. सगळ्यांना वाटले, सुटलो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना उशीवरून डोके उचलता येईना आणि दुपारपर्यंत श्वास अपुरा पडू लागला. सोळा दिवस ते श्वासाच्या यंत्रावर, म्हणजे व्हेंटिलेटरवर होते. चोविसाव्या दिवशी घरी आले ते हाडांचा सापळा होऊन.

आम्ही भेटीस गेलो. आतल्या खोलीत खाटेवर ते निजले होते, हात उचलतानाही थरथरत होता. प्रार्थना झाल्यावर आम्ही वहिनींना मोठ्या अधिकाराने सांगितले, “आता महिनाभर त्यांना अजिबात हलवू नका. पूर्ण विश्रांती द्या.” वहिनींनी आमचा शब्द अक्षरशः पाळला. खाणे खाटेवर, अंग पुसणे खाटेवर, सगळेच खाटेवर. पाच आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा माकडहाडावर तळहाताएवढी जखम झाली होती, गुडघे सरळ होत नव्हते आणि दोन्ही पावले खाली लोंबून ताठ झाली होती. तालुक्याहून फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. त्यांनी पाहिले आणि विचारले, “इतके दिवस झोपवून ठेवायला कोणी सांगितले?” वहिनी काही बोलल्या नाहीत, फक्त आमच्याकडे पाहिले.

त्यानंतर आम्ही या विषयाचे जे काही वाचले, डॉक्टरांना आणि त्या बाईंना विचारून घेतले, ते आज तुमच्यापुढे मांडत आहोत.

आधी हे पाहू, की आजार बरा झाल्यावरही माणूस एवढा दुबळा का राहतो. बैल महिनाभर गोठ्यात बांधून ठेवला तर त्याचे पुठ्ठे बसतात, हे तुम्हांस सांगायला नको. हातावरचे प्लास्टर काढल्यावर तो हात कसा काडीसारखा दिसतो, हेही सर्वांनी पाहिले आहे. पण आयसीयूतल्या रुग्णाचे नुसते एवढ्यावर भागत नाही. अंगात विष किंवा जंतुदोष भिनलेला असतो, ताप असतो, पोटात पुरेसे अन्न जात नाही. अशा वेळी शरीर आपलेच स्नायू मोडून खाते. वापर नसणे आणि हे मोडणे, दोन्ही एकदम चालू राहतात. लंडनमध्ये अशा रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे सोनोग्राफीने मोजमाप केले गेले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत पहिल्या दहा दिवसांत स्नायूचा आडवा छेद सरासरी सतरा ते अठरा टक्क्यांनी घटलेला आढळला. दहा दिवसांत सहावा हिस्सा गेला! शिवाय मज्जातंतूही दुबळे होतात. म्हणून डॉक्टर खांदा, कोपर, मनगट, मांडी, गुडघा आणि घोटा अशा सहा ठिकाणची ताकद दोन्ही बाजूंस तपासतात, प्रत्येकास पाचपैकी गुण देतात. एकूण साठपैकी अठ्ठेचाळिसाच्या खाली गुण आले, तर आयसीयूमुळे आलेली दुर्बलता समजतात.

ही दुर्बलता चार दिवसांत जात नाही. कॅनडातील टोरांटो येथे फुप्फुसांच्या गंभीर आजारातून वाचलेल्या १०९ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला गेला. तो अहवाल २००३ सालचा आहे. आयसीयू सोडताना या लोकांचे वजन पूर्वीपेक्षा अठरा टक्क्यांनी उतरले होते. वर्ष उलटल्यावरही सहा मिनिटांत ते जेवढे चालत, ते त्यांच्या वयाच्या निरोगी माणसाच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांशच भरे, आणि जवळजवळ निम्मे लोक अजून कामावर परतले नव्हते. त्यांची फुप्फुसे बव्हंशी सुधारली होती. अडले होते ते स्नायूंपाशी. शेतावर पोट असणाऱ्या घराला याचा अर्थ काय, हे निराळे सांगावयास नको.

आता थोडा इतिहास. आयसीयू हा प्रकार जन्मला तोच मुळी लुळ्या पडलेल्या माणसांना जगवण्यासाठी. १९५२ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांपैकी शंभरात ऐंशीहून अधिक मरत होते. भूल देणारे डॉक्टर ब्यॉर्न इब्सेन यांनी ऑगस्ट महिन्यात एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनळीस छिद्र पाडून, नळी बसवून, रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. मग वैद्यकाचे आणि दंतवैद्यकाचे सुमारे पंधराशे विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, हाताने पिशव्या दाबीत बसले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आजचे व्हेंटिलेटर आणि आयसीयू त्यातूनच वाढले. आपल्याकडेही जवळपास त्याच काळात, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस, मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे देशातले पहिले विद्यालय निघाले. म्हणजे श्वास देणे आणि हातपाय चालवणे ही दोन कामे जुळी भावंडेच म्हणावीत.

पुढे मात्र असे झाले, की यंत्रे सुधारली, गुंगीची औषधे सुधारली आणि रुग्णास गाढ झोपवून, अगदी निश्चल ठेवण्याची पद्धत पडली. घरचे लोकही म्हणत, झोपले आहेत तर त्रास नको. ही समजूत गेल्या पंचवीस वर्षांत बदलली. अमेरिकेत शिकागो आणि आयोवा येथील १०४ रुग्णांवर एक प्रयोग झाला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांची गुंगी रोज थोडा वेळ उतरवून, श्वासाची नळी तशीच असताना, त्यांना पहिल्या काही दिवसांतच व्यायाम दिला: आधी हातपाय हलवणे, मग खाटेच्या कडेला बसणे, मग उभे राहणे. या गटातील ५९ टक्के रुग्ण रुग्णालय सोडताना स्वतःची अंघोळ, कपडे, जेवण, चालणे आपले आपण करू शकत होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३५ टक्के होते. व्यायाम झालेल्यांची बडबड आणि भ्रमही निम्म्या दिवसांत ओसरला.

पण इथे घाई नको. २०२२ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, सहा देशांतील ७५० रुग्णांची. त्यात नेहमीच्या व्यायामापेक्षा अधिक जोराचा आणि अधिक वेळ व्यायाम दिलेल्यांना काही जास्त लाभ झाला नाही. उलट नाडी बिघडणे, रक्तदाब उतरणे, प्राणवायू कमी होणे असे प्रकार त्यांच्यात अधिक झाले. तेव्हा लवकर उठवावे हे खरे, पण ताणू नये, हेही खरे. म्हणून फिजिओथेरपिस्ट आधी नाडी, रक्तदाब आणि प्राणवायूचे आकडे पाहतात आणि मगच रुग्णास हात लावतात. एखाद्या दिवशी त्या “आज नको” म्हणाल्या, तर त्यांनी पैसे घेऊन काम टाळले असे समजू नये.

आयसीयूत त्या आणखी काय करतात? दर दोन तासांनी कूस बदलली जाते की नाही हे पाहतात. पाठीवर थापट्या देऊन आणि रुग्णास कुशीवर किंवा बसते ठेवून छातीतला कफ सुटा करतात. नळी निघाल्यावर खोकायला शिकवतात. ते तीन रंगीत गोळ्यांचे प्लॅस्टिकचे खेळणे असते ना, त्याविषयी एक सांगितलेच पाहिजे: निम्मे लोक त्यात फुंकतात! फुंकायचे नाही, आत ओढायचे. बसून, नळी ओठांत घट्ट धरून, सावकाश श्वास ओढावा, गोळी वर गेली की दोन-तीन सेकंद धरावी, मग सोडावा. जागेपणी तासातून दहा वेळा. हे काम घरच्या माणसाने जवळ बसून करून घ्यावे; भेटीला आलेल्या पाहुण्यांशी गप्पा मारण्यापेक्षा ते बरे.

आता फवारणीच्या विषाकडे वळू, कारण आपल्या भागात तरुण माणूस व्हेंटिलेटरवर जाण्याचे ते एक मोठे कारण आहे. पुष्कळशी कीटकनाशके सेंद्रिय फॉस्फरस जातीची असतात. ती मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधील एका आवश्यक विकराचे काम बंद पाडतात. पहिला हल्ला तोच, लाळ, घाम, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या, छातीत भरलेला स्राव. त्यावर अॅट्रोपिनची इंजेक्शने देतात. दुसरा हल्ला एक ते चार दिवसांनी येतो, रुग्ण सुधारला असे वाटत असतानाच. मान, खांदे, मांड्या आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. श्रीलंकेतील डॉक्टरांनी १९८७ साली याचे प्रथम नीट वर्णन केले. अण्णांच्या बाबतीत घडले ते हेच. म्हणून विषबाधा झालेल्या माणसाला, “बोलतोय की, चला घरी” म्हणून दुसऱ्या दिवशी उठवून आणू नका. उशीवरून डोके उचलता येते का, हे पाहत राहा. येत नसेल तर त्याच क्षणी डॉक्टरांना सांगा. तिसरा हल्ला काही औषधांनीच होतो आणि तो दोन-तीन आठवड्यांनी येतो. पोटऱ्यांत गोळे, तळव्यांना मुंग्या, मग पावले लोंबू लागतात. घरी आल्यावर चप्पल पायातून निसटू लागली, तर ते अशक्तपणाचे म्हणून सोडून देऊ नये.

घरी आल्यानंतरचे सांगतो. इथेच आमच्यासारखे शहाणे आड येतात.

पहिली गोष्ट खाटेची. झोळ पडलेल्या बाजेवरून दुबळ्या माणसाला उठताच येत नाही. खाट सपाट आणि गुडघ्याच्या उंचीची असावी. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीस पुरे टेकले पाहिजेत. गुडघ्यांखाली सतत उशी ठेवू नका. त्याने बरे वाटते खरे, पण गुडघे वाकलेल्या स्थितीतच आखडतात. तळव्यांना मात्र घडी घातलेल्या घोंगडीचा टेका द्यावा, म्हणजे पावले लोंबत नाहीत. जो स्वतः कूस बदलू शकत नाही त्याची दर दोन तासांनी बदलावी आणि रोज एकदा माकडहाड, टाचा, घोटे, डोक्याची मागची बाजू उजेडात पाहावी. दाबूनही न जाणारा लाल डाग दिसला, की तो भाग पूर्ण मोकळा ठेवावा. जखम होण्याआधीचा तो इशारा आहे.

दुसरी गोष्ट जेवण भरवण्याची. घशात बरेच दिवस नळी असलेल्याचे गिळणे बिघडलेले असते. आपल्याकडे आजाऱ्याला आडवा ठेवून चमच्याने पातळ पेज घालतात. ती सरळ फुप्फुसात जाऊ शकते आणि वाचलेला माणूस न्यूमोनियाने परत आयसीयूत जातो. ताठ बसवावे, लहान घास द्यावा, गिळल्याखेरीज दुसरा देऊ नये, जेवल्यावर अर्धा तास बसतेच ठेवावे. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा जेवल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल, तर भरवणे थांबवून आधी डॉक्टरांना विचारावे.

काय खावे? स्नायू बांधायला प्रथिने लागतात. पन्नास किलोच्या माणसास दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास धरा. दोन अंडी, अर्धा लिटर दूध, वाटीभर घट्ट डाळ आणि नेहमीचा भात-भाकरी एवढ्यात ते जवळजवळ भागते. मासळी मिळाली तर उत्तमच. महागड्या डब्यांतल्या पावडरीसाठी कर्ज काढू नका. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेच प्रमाण. आणि एक आमच्या अखत्यारीतले: उपवासकाळातले उपवास आणि मांसवर्ज्य आजाऱ्यांस लागू नाहीत. एक आजीबाई मुलाला शुक्रवारी अंडे देत नव्हत्या. त्यांना आम्ही स्वतः जाऊन सांगितले.

मग व्यायाम. खाटेच्या कडेला पाय सोडून बसणे, हाच पहिला व्यायाम. सुरुवातीस पाच मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. शक्य तितके जेवण बसूनच. मग हातांच्या खुर्चीवरून उठणे आणि बसणे. हा एक व्यायाम दहांच्या बरोबरीचा आहे, कारण शौचाला जाणे, खाटेवरून उतरणे, सगळे त्यावर अवलंबून. तीन वेळा जमले तर तीन, दोन दिवसांनी चार. नंतर भिंत धरून ओटीवर, पुढे अंगणात. मोजमाप सोपे आहे: चालताना दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत. बोलता येत नसेल तर थांबावे. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आले, तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजून थोडे कमी करावे, बंद करू नये. छातीत दुखले, भोवळ आली, ओठ निळसर दिसले तर व्यायाम बंद आणि दवाखाना. एकाच पोटरीस सूज आणि दुखणे असेल, तर तेल लावून चोळू नका. आत रक्ताची गाठ असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसाकडे जाऊ शकते. बधिर पावलांवर गरम पाण्याची पिशवी ठेवून भाजल्याचेही प्रकार होतात.

उकिडवे बसायचा संडास या रुग्णांस काही महिने जमत नाही. मधे छिद्र असलेली खुर्ची विकत मिळते. गावच्या सुताराकडूनही करून घेता येते. भिंतीला एक बांबू पक्का बसवला की आधार होतो. हे लाजेचे काम नव्हे. अण्णांनी लाजेपायी पाणीच कमी प्यायला सुरुवात केली होती, हे वहिनींनी पुष्कळ उशिरा सांगितले.

फिजिओथेरपिस्टला रोज बोलावणे कोणाला परवडते? त्याला उपाय आहे. रुग्णालयातून निघण्याच्या आदल्या दिवशी घरातले एक माणूस, जे खरोखर घरी राहणार आहे ते, त्यांच्याजवळ बसवावे आणि प्रत्येक व्यायाम त्याच्या हातून करून घ्यावा. मोबाईलवर त्याचे चित्रीकरण करून ठेवावे. मग पंधरवड्याने एकदा दाखवून पुढची पायरी विचारली, तरी पुष्कळ काम होते. आम्ही पाहतो ते असे, की निघताना सगळे बिलाच्या खिडकीपाशी असतात आणि रुग्णाजवळ कोणीच नसते.

शेवटी मनाचे. आयसीयूतून आलेली पुष्कळ माणसे रात्री दचकून उठतात. कोणाला वाटते परिचारिका आपल्याला मारायला टपल्या होत्या, कोणाला भिंतीतून माणसे येताना दिसलेली असतात. ही वेडाची लक्षणे नव्हेत, बाहेरची बाधाही नव्हे. गुंगीत आणि आजारात मेंदूने जोडलेली ती चित्रे असतात. कोणत्या दिवशी काय झाले, कोण भेटायला आले, यंत्र केव्हा काढले, हे घरच्यांनी त्यांना शांतपणे क्रमाने सांगावे. हरवलेले दिवस असे परत भरून निघतात. विसरभोळेपणा आणि चिडचिड काही महिने राहू शकते. ज्याने विष स्वतःहून घेतले असेल त्याला तर उठता-बसता “का केलेस?” म्हणून विचारू नये आणि शेजाऱ्यांनाही विचारू देऊ नये. त्याच्याशी बोलायला तयार माणूस मिळणे, हा त्याच्या उपचाराचाच भाग आहे. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस फुकट उपलब्ध आहे. आमच्या दारालाही कुलूप नसते.

अण्णांची जखम भरायला तीन महिने लागले. गुडघे त्या बाईंनी आणि वहिनींनी मिळून सरळ केले. तेव्हा अण्णांच्या ओरडण्याने शेजारी जमत. काठीशिवाय चालायला आठ महिने गेले. डावे पाऊल अजून थोडे लोंबते, त्यासाठी ते बुटात प्लॅस्टिकची पट्टी घालतात. बांधापर्यंत जातात, म्हशीची धार काढतात, पण पाठीवर पंप घेत नाहीत. परवा मिस्सानंतर आम्ही त्यांना बसायला खुर्ची पुढे केली, तर म्हणाले, “नको फादर, उभाच राहतो. तुमच्या विश्रांतीची मला आता भीती वाटते बघा.”